नानांचं पाणी आणि मुकादम

त्या दिवसांत मावशी सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी वास घ्यायची. पडल्या पडल्या, पांघरुणातून नाक तेवढं बाहेर काढून. कधी नुसता डिंकाचा आणि काथ्याचा वास यायचा, म्हणजे दिवस बरा. कधी त्यात दुसरा एक वास असायचा, उग्र, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. मग ती डोळे मिटूनच विचारायची, "आज कुठं?" आणि पुढच्या खोलीत शेपटी जमिनीवर आपटल्याचा आवाज व्हायचा. दोनदा. जसा काही हजेरीला दिलेला जबाब.

मावशी खुर्च्यांचं काम करते. लोकांच्या बसक्या झालेल्या खुर्च्या आणि सोफे तिच्याकडे येतात, ती ते उघडते, आतले पट्टे नव्यानं ताणते, स्प्रिंगा सुतळीनं बांधते, काथ्या भरते, वरून कापड चढवते. तळमजल्यावरचं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढची खोली कामाची, मागची झोपायची. तिच्या ओढणीत कायम एक दाभण खोवलेला असतो, त्यामुळे लहानपणी आम्ही भाचरं तिला मिठी मारायच्या आधी विचारून घ्यायचो. लग्न तिनं केलं नाही. कोणी फार खोदून विचारलं की म्हणते, "अख्ख्या गावाला बसवते मी, तेवढं पुरे."

काम तिनं नानांकडून घेतलं. नाना म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं, सेहेचाळीस वर्षं. बारीक खिळ्यांची मूठ तोंडात टाकायची, जिभेनं एकेक खिळा डोकं पुढं करून ओठांवर आणायचा, हातोडीच्या टोकानं तो उचलायचा आणि ठोकायचा, असे ते काम करत. गिऱ्हाइकाशी बोलायचं असेल तर सगळे खिळे गालात सारून बोलत. मग हात थरथरायला लागले आणि पाठोपाठ दात गेले. कवळीत खिळे राहीनात. दुकानाचं शटर एकदाचं खाली आलं, आणि नाना एक पत्र्याची पेटी, एक हातोडी आणि मुकादम घेऊन मावशीकडे राहायला आले.

मुकादम हा कुत्रा. तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. सहा वर्षांचा. दुकानासमोर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक खुर्चीकडे तो असा बघायचा, की काम करणाऱ्या माणसांनीच त्याला हे नाव दिलं. नानांच्या पाटाशेजारी त्याची वाटी असे. नाना एक घास खात, मग त्याला एक तुकडा देत, मग स्वतः खात. हा क्रम मोडलेला त्या दोघांनाही चालत नसे.

मावशीच्या घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मुकादमानं पहिल्या खुर्चीच्या पायावर तंगडी वर केली.

"नवी जागा आहे. बावरलाय बिचारा," नाना म्हणाले.

"बावरलेला माणूस असा मान वर करून जातो का?" मावशी म्हणाली.

आठवडाभरात सोफ्याचा कोपरा झाला, कापडाचं गुंडाळं झालं, दाराची चौकट झाली. पाण्याच्या पिंपाला सुद्धा त्यानं सोडलं नाही. फार नाही, दर वेळी चार थेंब. पोट मोकळं करायला नव्हे, तर ही जागा माझी आहे असं सांगायला. मावशीला आधी हसू यायचं. "बघ, सही करून गेला," ती मला म्हणायची. "आता हा माल पास झाला." पण हसू फार दिवस पुरलं नाही.

"दुकानात करत नव्हता का हा?" तिनं नानांना विचारलं.

"दुकानाला पुढून भिंत कुठं होती? चार पावलं गेलं की गटार."

तिनं सगळं करून पाहिलं. खुर्च्या जमिनीवर ठेवायचं बंद केलं, टेबलावर टेबल रचून वर चढवल्या. स्वतः शिडीवर उभी राहून काम करू लागली. लिंबाचं पाणी शिंपडलं. दर दोन तासांनी हातातलं काम टाकून त्याला कोपऱ्यापर्यंत हिंडवून आणायची. तो बाहेर प्रत्येक खांबाशी थांबायचा, आणि घरात आल्यावर एक खास घरासाठी राखून ठेवायचा. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवीत दोष नव्हता. त्यांनी सांगितलं म्हणून त्याचं नसबंदीचं ऑपरेशन केलं. नाना त्या दिवशी फार अस्वस्थ होते. "म्हातारपणी आणखी काय काय काढून घेणार आहात आमचं?" असं ते पुटपुटले. ऑपरेशननंतर प्रमाण निम्म्यावर आलं, पण थांबलं नाही. "सवय पडलीय, ती नुसत्या ऑपरेशननं जात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग मावशीनं सोफ्याच्या उरलेल्या हिरव्या मखमलीचा एक पट्टा शिवला, आतून जाड घडी घातली आणि त्याच्या कमरेभोवती बांधला, म्हणजे तंगडी वर केली तरी जे व्हायचं ते पट्ट्यातच. शिवण इतकी सुबक होती की शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगोबाई, याचं कुठं लग्नबिग्न ठरलंय का?" पण मुकादमाला दोन दिवसांत तो पट्टा दातांनी सोडवता यायला लागला.

शिवाय प्रत्येक वेळी नाना आपल्या खास पाण्यानं पुसायचे.

हे नानांचं पाणी घरात सगळ्यांना माहीत होतं. तीन मापं कोमट पाणी, बाटलीच्या टोपणानं दोन टोपणं अमोनिया, साबणाचा चुरा. त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलेलं. जुन्या खुर्चीच्या लाकडावरचा तेलकटपणा, कापडाचा कुबट वास, माणसांचा घाम, सगळं त्या पाण्यानं निघायचं. गिऱ्हाईक खुर्ची हुंगून बघायचं आणि खूश व्हायचं. आता हातोडी धरवत नव्हती, सुई ओवता येत नव्हती. हे पाणी तेवढं नानांच्या हातात राहिलं होतं. रोज सकाळी आठला ते बादली घेऊन बसायचे, आलेली प्रत्येक खुर्ची पुसायचे, आणि मुकादमानं जिथं जिथं सही केली तिथं गुडघे टेकून, दम लागेपर्यंत पुसायचे.

"राहू दे नाना, मी करते."

"तुला नाही जमणार. पाणी लाकडाच्या अंगात मुरवावं लागतं."

मावशी खरं तर मनात म्हणायची, बरं झालं, माणूस कामात आहे.

पावसाळा संपता संपता दातांच्या डॉक्टरांच्या चार खुर्च्या परत आल्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत, जिथं लोक नंबर लावून बसतात, तिथल्या. मावशीनंच नवीन निळं कापड आणि नवा फोम घालून पाठवलेल्या. दोन दिवस सगळं ठीक होतं, मग ऊन पडलं आणि खोली तापली. डॉक्टर स्वतः आले होते. भला माणूस, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, "बाई, माझ्याकडे लोक आधीच घाबरून येतात हो."

मावशीनं खुर्ची उलटी केली. खालच्या कापडाआड, लाकडाच्या सांध्यात ओल मुरली होती. तिनं खालचं कापड उसवलं तेव्हा आत पेन्सिलीनं लिहिलेली एक तारीख दिसली आणि त्याखाली नानांची आद्याक्षरं. एकतीस वर्षांपूर्वी ती खुर्ची नानांनी बांधली होती. प्रत्येक खुर्चीच्या पोटात ते असं लिहून ठेवत. अक्षरं ओलीनं फुटली होती.

त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं आपलं सामान न उघडताच घेऊन गेली. बातमीला पाय असतात, वासाला तर पंख.

मग मामा आला. मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ, मालाची गाडी चालवतो. तो दारातच थांबला, नाकावर रुमाल धरून.

"ताई, हे घर आहे का मुतारी?"

"हळू बोल. नाना आहेत आत."

"नाना आहेत म्हणूनच बोलतोय. शहराबाहेर माझ्या ओळखीचं गोदाम आहे. राखणीला कुत्रा पाहिजे त्यांना. साखळी, पत्र्याची सावली, दोन वेळचं खाणं. रविवारी दहाला गाडी घेऊन येतो."

"नाना जेवणार नाहीत रे."

"ऑपरेशनला कुत्रा दोन दिवस दवाखान्यात होता, तेव्हा जेवले की!"

"चहा प्यायले. दोन दिवस फक्त चहा. तू नव्हतास इथं."

मामानं रुमाल खिशात कोंबला. मग म्हणाला, "तुझं काम बंद पडलं तर दोघंही काय खातील? नाना आणि तो?" मावशी "बरं" म्हणाली. नाना आतल्या खोलीत होते. त्यांना ऐकू कमी येतं, पण हवं ते येतं. संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्यांनी मुकादमाला तुकडा दिला, आणि नेहमीसारखा दुसरा घास स्वतः घेतला नाही. सगळी भाकरी एकेक तुकडा करून त्यालाच घातली.

"नाना, तुम्ही?"

"त्याला लांब जायचंय."

तो सोमवार होता. मंगळवारी मावशीनं कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि जिथं जिथं ओल दिसेल तिथं गोल काढायला लागली. ती सांगते की तिला काही शोधायचं नव्हतं. रविवारपर्यंत काहीतरी करत राहायचं होतं, हात रिकामे राहिले की रडू यायचं. बुधवारपर्यंत जमिनीवर, चौकटीवर, खुर्च्यांच्या पायांवर अकरा गोल झाले. गुरुवारी सकाळी ती शिडीवर बसली होती, दाभण हातात तसाच, आणि वरून तिला खोली दिसली.

कोपऱ्यात एका आरामखुर्चीचा नवा सांगाडा होता. सुताराकडून आलेला, कोरा, पुसायची गरज नसलेला, तीन आठवडे तिथंच जमिनीवर पडलेला. त्याच्याभोवती एकही गोल नव्हता. मुकादम रोज त्याच्यावरून उडी मारून जायचा. शेजारी काल आलेली जुनी खुर्ची होती. आल्या आल्या नानांनी खाली ठेवूनच पुसलेली. तिच्या चारी पायांना गोल.

नवी वस्तू आली की तो सही करतो, असं ती इतके महिने धरून चालली होती. पण ही तर सगळ्यांत नवी. कोरी, लाकडाचा वास येणारी. तिला त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

मावशी खाली उतरली. नानांच्या बादलीतलं थोडं पाणी एका डबीत घेतलं आणि डॉक्टरीणबाईंकडे गेली. तिथं एका मांजराच्या मागं पाऊण तास नंबर लावून बसली.

"पुसता कशानं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. हा प्रश्न आधी कोणी विचारलाच नव्हता. तिनंही "आम्ही लगेच पुसतो" एवढंच सांगितलं होतं.

मावशीनं डबी पुढं केली. त्यांनी झाकण उघडलं आणि मान मागं घेतली.

"अहो बाई, हे काय करताय! शिळ्या मुताला जो वास असतो ना, तो ह्या अमोनियाचाच. तुमच्या-माझ्या नाकाला स्वच्छ वाटतं. त्याच्या नाकाला वाटतं, कोणीतरी परका कुत्रा येऊन रोज सकाळी माझ्या घरात खूण करून जातोय. मग तो काय करेल? वर आपली करतो. तुम्ही पुन्हा पुसता. तो पुन्हा करतो."

"म्हणजे तो…"

"उत्तर देतोय. इमानदारीनं."

त्यांनी दुसरं एक औषधी पाणी दिलं, डाग मुळातून मारणारं. सांगितलं, की सगळ्या जागा यानं धुवा, दोनदा. ओरडू नका, त्याला कळत नाही कशाबद्दल ओरडताय. लक्ष ठेवा, हुंगायला लागला की लगेच बाहेर न्या, बाहेर केलं की शाबासकी द्या. दर तासाला. महिना तरी लागेल. "आणि हे," त्यांनी डबीकडे बोट केलं, "घरात ठेवू नका."

परत येताना मावशी घराच्या वळणावर बराच वेळ उभी राहिली. कुत्रा वाचवायचा रस्ता सापडला होता, आणि तो नानांच्या बादलीवरून जात होता.

तिला सांगायचा धीर झाला नाही. शुक्रवारी पहाटे तिनं अमोनियाची बाटली रिकामी केली आणि तीत साधं पाणी भरलं, वास यावा म्हणून चार थेंब व्हिनेगर टाकलं. आठ वाजता नानांनी टोपण उघडलं, हुंगलं, आणि बाटली खाली ठेवली.

"यात दम नाही."

"जुनी झाली असेल."

"पोरी, दात गेलेत माझे. नाक नाही."

मग ती बोलली. खाली बसून, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून, डॉक्टरीणबाई जे म्हणाल्या ते सगळं. नाना शेवटपर्यंत ऐकत होते. मध्ये एकदा मुकादम येऊन त्यांच्या पायाशी बसला.

"माझ्या बापानं केलं हे पाणी," ते म्हणाले. "मी केलं. तुझी शाळा ह्या पाण्यावर झाली. आणि कुत्र्याची डॉक्टर मला सांगणार?"

"नाना, तुमचं पाणी खोटं नाही. फक्त ह्या घरात…"

"ह्या घरात माझं काय खरं आहे तेवढं सांग."

शनिवारी ती कापड आणायला अर्धा तास बाहेर गेली. आली तेव्हा नाना गुडघ्यांवर बसून चौकट पुसत होते. पत्र्याच्या पेटीत दुसरी बाटली होती. खोलीभर तो वास, आणि काल तिनं औषधी पाण्यानं दोन-दोनदा धुतलेल्या सगळ्या जागा चकचकीत ओल्या. मुकादम मागं उभा राहून हुंगत होता, पाठीवरचे केस उभे.

मावशीनं नानांच्या हातातून फडकं ओढून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. ती ओरडली, आणि काय ओरडली ते तिला नीट आठवत नाही. तिला एवढंच आठवतं की नानांचे हात फडकं गेल्यावरही तसेच पुढं होते, आणि ते म्हणाले, "मग मला मदत कर. उठता येत नाही."

तिनं त्यांना उठवलं, दारापाशी खुर्चीत बसवलं. बाटली मोरीत ओतली. मग सगळी खोली पुन्हा धुतली, रडत, नाक त्याच फडक्यानं पुसत, आणि त्या वासानं आणखी डोळे भरून येत. नाना दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळीही नाही. ज्या गोष्टीच्या भीतीनं ती कुत्र्याला धरून बसली होती, ती कुत्रा घरात असतानाच झाली होती.

रविवारी दहाला मामाची गाडी आली. मी त्या दिवशी तिथं होते. मामा साखळी घेऊन आत आला, खडूचे अर्धवट पुसलेले गोल पाहून म्हणाला, "हे काय, सारीपाट मांडलाय?"

"ताई, बांध त्याला."

मावशी उभीच. "महिना दे मला," ती म्हणाली. "कारण सापडलंय."

"प्रत्येक वेळी कारण सापडतं तुला. आधी ऑपरेशन, मग मखमलीची चड्डी. आता काय?"

मावशीनं नानांकडे पाहिलं नाही. "आता… पुसण्याचं औषध चुकत होतं. माझं."

"तिचं नाही," नाना म्हणाले. कालपासूनचे हे त्यांचे पहिले शब्द. ते भिंतीकडेच बघत होते. "मी चुकत होतो. कुत्र्याला रोज मीच चिथवत होतो, म्हातारा झालो तरी. न्यायचंच असेल तर गोदामावर मला बांध. राखण तरी करीन."

मामा साखळी हातात घेऊन उभा राहिला. ती फारच जड वाटत असल्यासारखी त्यानं ती या हातातून त्या हातात घेतली. "नाना, काहीही काय बोलता," तो म्हणाला. मग मावशीला म्हणाला, "महिना. एक दिवस वर नाही. दातांच्या डॉक्टरांना मी सांगतो, थांबा म्हणावं." आणि चहासुद्धा न घेता गेला.

कुत्रा राहिला. पण नानांच्या समोरचं ताट तसंच राहिलं.

"नाना, दर तासाला त्याला बाहेर न्यायला हवं," मावशीनं दुपारी चाचरत सांगितलं. "माझं काम तुटतं मध्येच. तुम्ही नेलंत तर…"

"कुत्रं हिंडवणं हे काम आहे होय?" नाना म्हणाले. "तो टाइमपास."

तिनं पुन्हा विषय काढला नाही. सोमवारी सकाळी आठ वाजता ते सवयीनं उठून पुढच्या खोलीत आले, बादली जिथं असायची तिथं पाहिलं, आणि बसून राहिले. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. मावशी स्वयंपाकघराच्या दारात होती, हाताला डिंक लागलेला. मी भांडी घासत होते. तेव्हा मुकादम उठला, परत आलेल्या चार निळ्या खुर्च्यांपाशी गेला, खाली नाक घालून हुंगू लागला, आणि एका पायाशी तिरका झाला.

मावशीनं पाऊल उचललं, पण मधे टेबल होतं, ती पोचली नसती.

"ए!" नाना ओरडले नाहीत, नुसते म्हणाले, दुकानातल्या माणसाला म्हणावं तसं. "ए मुकादम. चल. बाहेर चल, तिथं बोलू."

मुकादमानं मान वळवली. नाना खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. एकदा परत बसले. पुन्हा उठले. चपला उलट-सुलट घातल्या, डावी उजव्या पायात, आणि दार उघडून निघाले. कुत्रा मागोमाग.

आम्ही खिडकीतून पाहिलं. रस्त्यापलीकडच्या खांबाशी मुकादमानं तंगडी वर केली. नाना दुसरीकडे तोंड करून थांबले होते, एखाद्या मोठ्या माणसासाठी थांबावं तसे. मग त्यांनी वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि वाकलेले असतानाच काहीतरी बराच वेळ बोलत राहिले.

वीस मिनिटांनी परत आले. निळी खुर्ची कोरडी होती. मावशीनं पाट मांडला, शेजारी वाटी ठेवली. नानांनी पहिला घास घेतला, तुकडा मोडून खाली दिला, मग दुसरा घास घेतला. तिसऱ्यानंतर हात धुतला.

"पुरे," ते म्हणाले. "नऊला परत जायचंय."